लिव्हरपूलची सर्वकालीन मधली फळी: चौघे कोण आणि कुणी कुणाची जागा भरायची?

मधला_खांब
लिव्हरपूल फुटबॉल क्लबची सर्वकालीन टीम काढायला बसलं की दहा प्रतिसादांत गाडी डॅल्ग्लिश की जेरार्ड इथे येऊन अडकते. म्हणून हा धागा फक्त मधल्या फळीचा. नुसती चार नावं टाकून जाऊ नका. तो तिथे उभा का, तो पुढे गेला तर मागे कोण राहणार, आणि समोरच्याने कुठे घाव घातला तर फळी फुटेल, हे लिहा.

नियम असे. मधल्या फळीत सध्या क्लबात असलेले खेळाडू धरायचे नाहीत, म्हणजे माक ॲलिस्टर, ग्रावेनबर्क, सोबोस्लाई बाहेर. देशाकडून किंवा दुसऱ्या क्लबाकडून केलेली कामगिरी मोजायची नाही. बाकीची टीम पक्की धरा: हॅन्सन आणि व्हॅन डाइक मध्ये, फिल नील उजवीकडे, रॉबर्टसन डावीकडे, पुढे डॅल्ग्लिश आणि रश. नियम आजचे, मैदान आजचं.

आघाडी पक्की केली कारण त्यावरच मधली फळी ठरते. रश बचावफळीच्या मागे धावणारा. डॅल्ग्लिश खाली येऊन दोन फळ्यांच्या मधे चेंडू घेणारा, पाठीवर माणूस असताना वळणारा. म्हणजे 'दहा नंबर'ची जागा आधीच भरलेली आहे. तिथे दुसरा माणूस पाठवला तर दोघांची टक्कर होते आणि मध्यभागी दोघांच्या जागी एकच उरतो.

माझे चौघे: उजवीकडे जेरार्ड, मध्ये सूनेस आणि अलॉन्सो, डावीकडे बार्न्स.

डावखुरा
नावांबद्दल तक्रार नाही, डाव्या बाजूबद्दल आहे. रॉबर्टसन आणि बार्न्स एकाच कडेवर ठेवलेत तर चेंडू गेला की मागे पन्नास मीटरची मोकळी गल्ली. रॉबर्टसनचा सगळा खेळ समोर रिकामी कड मिळण्यावर आहे. माने आत सरकायचा म्हणून त्याला ती मिळायची. बार्न्स तर रेषेवरच चेंडू मागणारा. दोघे एकाच पट्ट्यात, आणि चेंडू हरवला की मधून तिकडे धावायचं कुणी? अलॉन्सोने? तो आडवा पळण्यात कधीच वेगवान नव्हता. त्याचं शहाणपण आधीच योग्य जागी असण्यात आहे.

माझं मत रे केनेडीला. १९७४ मध्ये आर्सेनलकडून आला तो सेंटर फॉरवर्ड म्हणून. मॅनेजर बॉब पेस्लीने त्याला डाव्या मधल्या फळीत आणलं आणि पुढची सहा-सात वर्षं युरोपात त्या जागेवर त्याच्या तोडीचं कुणी क्वचितच होतं. ३९३ सामने, ७२ गोल. तो विंगर नव्हताच. डावीकडून आत सरकून तिसरा सेंटर मिडफिल्डर व्हायचा, कड ॲलन केनेडीसाठी मोकळी सोडायचा. (दोघांचं नातं काही नाही, आडनाव तेवढं एक.) आणि चेंडू उजवीकडून येऊ लागला की मूळचा फॉरवर्ड जागा व्हायचा. लांबच्या खांबाशी उशिरा पोचायचा, सेंटर बॅकची नजर चेंडूवर असताना त्याच्या पाठीमागून. १९८१ च्या युरोपियन कप उपांत्य सामन्यात म्युनिकमध्ये बायर्नविरुद्धचा गोल त्याचाच. घरच्या ॲनफिल्डवर ०-० झालं होतं, तिथे १-१, आणि परक्या मैदानावरच्या गोलावर लिव्हरपूल अंतिम सामन्यात.

रॉबर्टसन ठेवायचा असेल तर त्याच्यापुढे केनेडीच हवा.

जुना_कॉप
डावखुरा यांचा मुद्दा पुढे नेतो. १९७८-७९ ची मधली फळी एकेका माणसाने नाही, एकत्रच उचलून पाहा: जिमी केस, मॅकडरमॉट, सूनेस, रे केनेडी. लीगचे ४२ सामने, ८५ गोल केले, १६ खाल्ले. त्यातले ॲनफिल्डवर फक्त ४. हे श्रेय लोक गोलरक्षक क्लेमन्स आणि हॅन्सनला देतात, पण चौघांपैकी एकही खरा विंगर नव्हता हे विसरतात. चौघेही आतल्या बाजूचे, रुंदी नील आणि ॲलन केनेडी देणार. चेंडू गेला तरी मध्यभागी चार माणसं उभीच.

त्या मोसमात टॉटनहॅमला ७-० हरवलं, त्यातला सातवा गोल परत परत पाहण्यासारखा आहे. टॉटनहॅमचा कॉर्नर. रे केनेडी डोक्याने बाहेर काढतो. डॅल्ग्लिश घेतो, जॉन्सनला देतो, जॉन्सन तिरपा लांब पास डावीकडे स्टीव्ह हायवेला. हायवे चेंडू न अडवता पहिल्याच स्पर्शात क्रॉस करतो आणि मॅकडरमॉटचं हेडर. हा मॅकडरमॉट कॉर्नरच्या वेळी स्वतःच्या बॉक्समध्ये होता. या सगळ्यात त्याने चेंडूला एकदाच हात घातला, म्हणजे डोकं लावलं, पण धावला अख्खं मैदान. १९८० मध्ये वर्षाच्या सर्वोत्तम खेळाडूचे, खेळाडूंचा आणि पत्रकारांचा असे दोन्ही पुरस्कार एकाच मोसमात मिळवणारा तो पहिला. सर्वकालीन यादीत त्याचं नाव कुणीच काढत नाही, याचं वाईट वाटतं.

औंध_अकरा
कॅलहन? ८५७ सामने, क्लबचा विक्रम. दुसऱ्या श्रेणीतल्या लिव्हरपूलपासून १९७७ च्या रोममधल्या युरोपियन कप अंतिम सामन्यापर्यंत.

मधला_खांब
कॅलहनचा मान मोठाच. विंगर म्हणून सुरुवात, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मध्ये सरकला आणि आणखी सहा-सात वर्षं खेळला. पण इथे सामन्यांची संख्या हा निकष नाही.

केनेडी-बार्न्सबद्दल: बार्न्स काढला तर समोरासमोर माणूस चुकवून जाणारा एकही उरत नाही. आजच्या टीम बॉक्सपुढे आठ माणसं उभी करून बसतात, तिथे नुसत्या पासिंगने दार उघडत नाही. १९८७-८८ मध्ये लीगच्या पहिल्या २९ सामन्यांत हार नाही. त्या टीममध्ये फुल-बॅकला एकट्याने हरवणारा माणूस बार्न्स होता, म्हणून दुसरा बचावपटू मदतीला यायचा आणि बिअर्डस्लीला मध्ये जागा मिळायची.

म्हणून बदल डाव्या मिडफिल्डरचा नको, डाव्या बॅकचा करू. रॉबर्टसनऐवजी स्टीव्ह निकोल. दोन्ही बाजूंना खेळलेला, मूळ उजव्या पायाचा. डावीकडे उभा राहिला की त्याचा ओढा आतल्या बाजूला, बार्न्सच्या बाहेरून पळायची त्याला ओढ नाही. बार्न्सला रेषा मोकळी, मागे माणूस हजर.

उजवीकडे याच्या बरोबर उलट. जेरार्ड आत येणार, नील बाहेरून जाणार. दोन बाजू सारख्या करायचा हट्ट धरू नये. एका बाजूचा फुल-बॅक चढला की दुसऱ्या बाजूचा थांबला पाहिजे.

कर्वेनगरकर
जेरार्ड उजवीकडे म्हटलं की लोक लगेच चिडतात, म्हणून २००५-०६ चा मोसम नीट मांडतो. मॅनेजर बेनिटेझने त्याला बहुतेक वेळ उजवीकडे लावला. मध्ये अलॉन्सोबरोबर सिसोको किंवा हामान, मागे फिनन. त्या मोसमात सर्व स्पर्धांत जेरार्डचे २३ गोल, खेळाडूंच्या मतदानात वर्षाचा सर्वोत्तम. टीमने लीगच्या ३८ सामन्यांत २५ गोल खाल्ले, गुण ८२. म्हणजे तो उजवीकडे असल्याने मध्यभाग उघडा पडला नाही, उलट बंद झाला.

कारण साधं आहे. जेरार्डला मधल्या जोडीत ठेवलं की तो चेंडूच्या मागे धावतो. टॅकल जिंकला तर मैदान पेटतं, हुकला तर त्याच्या मागे वीस मीटर रिकामे. उजवीकडून आत आला आणि हुकला तर मागे दोन माणसं आहेत.

इस्तंबूल २००५, म्हणजे एसी मिलानविरुद्धचा चॅम्पियन्स लीग अंतिम सामना, याचंच उदाहरण. पहिल्या अर्धात मध्ये जेरार्ड आणि अलॉन्सो दोघंच, आणि मिलानचा काका त्यांच्या पाठीमागे मोकळा. तिसऱ्या गोलचा पास आठवा: काका वळतो आणि क्रेस्पोपर्यंत चेंडू एका फटक्यात. मध्यंतराला ०-३. बेनिटेझने फिननला काढून हामानला आणलं, मागे तीन केले. हामान काकाच्या जागेत उभा राहिला आणि जेरार्ड पुढे सुटला. ५४ व्या मिनिटाला जेरार्डचं हेडर, ५६ व्याला श्मित्सर, ६० व्याला अलॉन्सो, तोही पेनल्टी दिदाने अडवल्यावर परतलेल्या चेंडूवर. लोकांना कर्णधाराचं हेडर आठवतं. त्या हेडरची सोय हामानने केली. शेवटी शेवटी सेर्जिन्यो डावीकडून क्रॉस टाकू लागला तेव्हा हाच जेरार्ड उजव्या बॅकच्या जागी उतरून त्याला अडवत होता.

त्यामुळे उजवीकडचा जेरार्ड हा तोडगा म्हणून धरू नका. तीच त्याची सर्वांत उपयोगी जागा, निदान डॅल्ग्लिश समोर असताना.

टर्फवरचा
आणि क्लॉपचे तिघे? फॅबिन्यो, हेंडरसन, वाइनाल्डम. ९७ गुण, मग ९९ गुण. सर्वकालीन म्हणायला आणखी काय हवं?

मधला_खांब
ते तिघे ४-३-३ साठी बनवलेले. गोल सालाह-माने करणार, रुंदी आणि क्रॉस फुल-बॅकचे, मधल्या तिघांचं काम फुल-बॅकच्या मागच्या जागा झाकणं आणि सुटलेला चेंडू पुन्हा जिंकणं. फॅबिन्यो तर काउंटर सुरू होण्याआधीच पाय घालायचा. पण या तिघांना रश आणि डॅल्ग्लिशच्या मागे उभं केलं तर गोलही नाहीत आणि रुंदीही नाही.

बार्सिलोनाविरुद्धच्या ४-० मध्येही वाइनाल्डम कसा आला पाहा. रॉबर्टसन जखमी, मिल्नर डाव्या बॅकला सरकला, वाइनाल्डम मध्यंतराला मैदानात. ५४ आणि ५६ व्या मिनिटाला दोन गोल, दोन्ही बॉक्समध्ये उशिरा शिरून. त्या रात्री त्याला पुढे जायची मोकळीक होती. एरवीच्या शिस्तीत ती नसायची.

राखीव खेळाडूंत फॅबिन्यो हवा असं मलाही वाटतं.

जुना_कॉप
सूनेसबद्दल कुणीच बोलत नाहीये, जणू त्याची जागा ठरलेलीच. आहेच. ३५९ सामने, ५५ गोल, पाच लीग, तीन युरोपियन कप. १९७८ च्या अंतिम सामन्यात ब्रूजच्या गर्दीतून डॅल्ग्लिशला दिलेला पास त्याचा. १९८१ मध्ये सीएसकेए सोफियाविरुद्ध हॅट्ट्रिक. १९८४ मध्ये रोममध्ये, रोमाच्याच मैदानावर कर्णधार.

पण 'आजचे नियम' अशी अट घातलीत तर त्याचा हिशोबही करा. १९९८ च्या विश्वचषकापासून मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड आहे. सूनेसचे काही टॅकल आज वीस मिनिटांत टीमला दहावर आणतील. तरी माझ्या मते तो आजही खेळेल, कारण टॅकल ही त्याची ओळख झाली असली तरी त्याचा खेळ पासचा होता. त्याला वळायला दोन पावलं पुरायची. चिखलातही चेंडू पायाच्या बाहेरच्या कडेने तीस मीटरवर नेमका टाकायचा. आजच्या गवतावर त्याला जितक्या वेळा चेंडू मिळेल तितक्या वेळा त्या काळात मिळतच नव्हता.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. १९९२ पर्यंत मधल्या फळीवर दडपण आलं की चेंडू गोलरक्षकाकडे परत आणि तो हातात घेणार. लिव्हरपूलने युरोपात परक्या मैदानावर ही युक्ती मनसोक्त वापरली. आज ती वाट बंद. आता सेंटर मिडफिल्डरला स्वतःच्या गोलकडे तोंड करून, पाठीवर माणूस घेऊन चेंडू घ्यावा लागतो. जोडीत एक तरी माणूस १९९२ नंतरचा हवाच.

कर्वेनगरकर
आणि तो अलॉन्सो. चेंडू येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे पाहून घेतो, पहिला स्पर्श दडपणाच्या उलट्या बाजूला, आणि दुसरा स्पर्श म्हणजे पासच. त्याला प्रेस करायला गेलेला माणूस नेहमी अर्धा सेकंद उशिरा पोचतो.

तो नसला की काय होतं ते आकड्यांत आहे. २००८-०९: ८६ गुण, ७७ गोल, फक्त दोन हार. २००९ च्या उन्हाळ्यात तो माद्रिदला गेला. २००९-१०: ६३ गुण, ६१ गोल, अकरा हार, सातवा क्रमांक. सगळंच त्याच्या जाण्यामुळे नाही, तोरेसही बराच काळ जखमी होता. पण माशेरानो होता, जेरार्ड होता, आणि तरीही बचावातून चेंडू पुढे न्यायला कुणी नव्हतं. माशेरानो चेंडू जिंकून आडवा द्यायचा, तोवर समोरच्यांची फळी परत लागलेली असायची.

डावखुरा
मग मोल्बी का नाही? लांब पास अलॉन्सोइतकाच, पाय दोन्ही, शिवाय पेनल्टी: ४५ पैकी ४२. १९८६ च्या एफए कप अंतिम सामन्यात एव्हर्टनविरुद्ध रशच्या बरोबरीच्या गोलचा पास त्याचा, जॉन्स्टनच्या गोलचा चेंडूही त्याच्याकडून आलेला.

मधला_खांब
मोल्बीला चेंडू पायात असताना तोड नाही. चेंडू पायात नसताना ९० मिनिटं जागा झाकायची तर अलॉन्सो पुढे. ॲनफिल्डची रुंदी ६८ मीटर. चौघे एका ओळीत पसरले तर प्रत्येकाच्या वाट्याला सतरा मीटर, आणि तेवढी जागा कुणालाच झाकता येत नाही. म्हणून चेंडू ज्या बाजूला त्या बाजूला तिघांनी दाटायचं आणि चौथ्याने मध्यवर्तुळाच्या रेषेपर्यंत आत यायचं. चेंडू उजवीकडे असताना हा चौथा बार्न्स. तो आत आला नाही तर मधली जागा सूनेस-अलॉन्सोपैकी एकालाच राखावी लागते. अलॉन्सो ती जागा वाचून राखेल. मोल्बीच्या वजनाने ते होणार नाही.

टर्फवरचा
समोर तीन सेंटर मिडफिल्डर असतील तर? आज जवळपास प्रत्येक टीम तशीच खेळते. तुमचे मध्ये दोघंच. तिसरा मोकळा राहणार, म्हणजे पुन्हा काका.

कर्वेनगरकर
हाच खरा प्रश्न. उपाय तीन आणि क्रमही हाच.

पहिला, डॅल्ग्लिशने समोरच्या सर्वांत मागच्या मिडफिल्डरच्या अंगावर उभं राहायचं. त्याला चेंडू मिळाला नाही तर निम्मं काम झालं.

दुसरा, जेरार्डने चेंडू डाव्या कडेला असताना आत येऊन तिसरा व्हायचं. २००५-०६ मध्ये तो हेच करत होता. यात नीलसमोरचा विंगर मोकळा राहतो, पण तिथवर तिरपा पास हवेतून यायला वेळ लागतो, तेवढ्यात नील पुढे सरकू शकतो.

तिसरा, हॅन्सन. तो चेंडू घेऊन स्वतः मधल्या फळीत चढायचा आणि तिथे तीन विरुद्ध तीन करायचा. मात्र तो चढला त्या क्षणी अलॉन्सोने त्याच्या जागी उतरलंच पाहिजे. सूनेसने नाही, त्याला चेंडूजवळच ठेवा. दोघेही उतरले किंवा दोघेही थांबले की गडबड होते, आणि व्हॅन डाइक एकटा दोन आघाडीवीरांपुढे सापडतो. हे इशाऱ्यावर सोडून चालत नाही, आधीच ठरवावं लागतं.

बाणेर-बालेवाडीच्या टर्फवर पाच-पाच खेळणाऱ्यांनाही हाच घोळ रोज दिसेल: मागचा माणूस ड्रिबल करत पुढे जातो आणि त्याची जागा घेणं हे कुणाचंच काम नसतं.

औंध_अकरा
राखीव दोघे आणि सेट-पीस सांगा, म्हणजे यादी पूर्ण. लिव्हरपूलने डीएसके शिवाजियन्सबरोबर पुण्याजवळ लोणी काळभोरला अकादमी चालवली होती, त्या शहरातल्या धाग्यावर कॉर्नर कोण घेणार हे तरी ठरलेलं असावं.

मधला_खांब
डावीकडून कॉर्नर जेरार्ड, उजव्या पायाने आत वळणारा. उजवीकडून बार्न्स, डाव्या पायाने आत वळणारा. दोन्ही वेळा चेंडू जवळच्या खांबाच्या किंचित पुढे, तिथे हॅन्सन नुसता धक्का द्यायला आणि मागून व्हॅन डाइक. बॉक्सबाहेर अलॉन्सो आणि सूनेस, दोघेही तिथेच. निकोल मध्यरेषेवर. पेनल्टी नीलची. १९७७ च्या अंतिम सामन्यात त्याने मारली, १९८४ च्या शूटआउटमध्येही मारली, मग जेरार्डचा आग्रह कशाला? थेट फ्री किक पंचवीस मीटरच्या आत बार्न्स, त्यापलीकडे जेरार्ड.

राखीव: फॅबिन्यो आणि रे केनेडी. आघाडीवर असताना ६५ व्या मिनिटाला बार्न्सच्या जागी केनेडी, म्हणजे जुना_कॉप यांचे आतले चौघे तयार. समोरचा दहा नंबर डोईजड झाला तर डॅल्ग्लिशला काढून फॅबिन्यो, जेरार्ड रशच्या मागे.

डावखुरा
तरी माझा केनेडी पहिल्या मिनिटापासून आणि बार्न्स ६५ व्याला. थकलेल्या उजव्या बॅकसमोर ताजा बार्न्स सोडून पाहा. तो पहिल्या तासात जे करेल त्याच्या दुप्पट शेवटच्या पंचवीस मिनिटांत करेल. आणि तोवर आपण गोल खाल्लेला नसेल.

जुना_कॉप
डावखुरा यांना माझं मत. फक्त मग डाव्या बॅकला परत रॉबर्टसन लावा. केनेडी आत सरकणार आणि निकोलही आतच बघणार, तर साठ मिनिटं डावी कड कुणाचीच नाही.